ठराव, प्रघात आणि न्यायासन

राष्ट्रांच्या सभांतून होणारे ठराव म्हणजे शब्दांचे बुडबुडे, असें आपल्यांतील सुशिक्षितही सहज बोलून जातात. ठरावाचें बंधन नाहीं, मोडणाऱ्यास दंड नाहीं; मग त्याची मातब्बरी ती काय? परंतु हेग येथील एका खटल्याचा इतिहास पाहिला म्हणजे या मतास थोडी मुरड घालावी लागते.

युगोस्लाव्हिया फुटला आणि बोस्नियांत शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला, तेव्हां संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें १९९३ सालीं हेग येथें एक फौजदारी न्यायालय स्थापिलें. त्यापुढें पहिला खटला उभा राहिला तो दुश्को तादिच या बोस्नियन सर्बाचा. ओमार्स्का येथील छावणींत बंदिवानांचा अमानुष छळ केल्याचे आरोप त्याजवर होते. त्याच्या वकिलांच्या आक्षेपांपैकीं एक मोठा मार्मिक होता. युद्धांतील अपराधांबद्दल व्यक्तीस दंड करण्याचा कायदा राष्ट्राराष्ट्रांमधील युद्धापुरता आहे; यादवीस तो लागू नाहीं; सबब न्यायालयास अधिकारच पोंचत नाहीं.

मुद्दा पोकळ नव्हता. १९४९ च्या चारही जिनीव्हा करारांत समान असलेलें तिसरें कलम यादवींतही बंदिवानांस व जखमींस माणुसकीनें वागवावें असें सांगतें खरें; परंतु तें मोडणाऱ्यास कोणती शिक्षा, याविषयीं तें मौन धरतें.

अपील पीठाचे अध्यक्ष अंतोनियो कासेसे हे इटालियन पंडित होते. २ ऑक्टोबर १९९५ च्या निर्णयांत या पीठानें आधार कशाचा घेतला, हेंच पाहण्यासारखें आहे. निरनिराळ्या देशांच्या सैनिकी नियमपुस्तिका, सरकारांचीं निवेदनें, रेडक्रॉसचे प्रयत्न, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे १९६८ व १९७० चे दोन ठराव! नागरिकांवर हल्ले करूं नयेत, असें सांगणारे हे ठराव स्वतः बंधनकारक नव्हते. तथापि ते रूढ झालेल्या नियमाचे निदर्शक आहेत, आणि असा नियम मोडणारी व्यक्ति यादवींतही दंडास पात्र आहे, असें पीठानें ठरविलें.

आपल्या धर्मशास्त्रास ही रीत अपरिचित नाहीं. श्रुति आणि स्मृति यांच्या जोडीस सदाचारही प्रमाण मानला आहेच. मात्र तो सदाचार शिष्टांच्या वर्तनावरून ठरावयाचा. रणांगणावर सैन्य प्रत्यक्ष कसें वागलें हें कळणें कठीण, म्हणून अधिकृत वक्तव्यांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते, असें हेगच्या पीठानें स्वतःच म्हटलें आहे. राष्ट्रांचा आचार असा बहुतांशीं उच्चारावरून ठरावा, हें व्यंग झांकण्याजोगें नाहीं.

आणखी एक भय आहे. कृत्याच्या वेळीं जो अपराध नव्हता, त्याबद्दल मागाहून दंड करणें हा अन्याय होय. न्यायमूर्ति राधाविनोद पाल यांनीं १९४८ सालीं टोकियोच्या खटल्यांत हाच आक्षेप घेऊन सर्व जपानी आरोपींस निर्दोष म्हटलें. त्यांच्या आक्षेपाचें वजन मी कमी लेखीत नाहीं. परंतु टोकियोंतील वाद मुख्यतः युद्ध आरंभणें हा अपराध कीं काय, असा होता. छावणींत कोंडलेल्या निःशस्त्र माणसास छळणें हा अपराध आहे, हें समजण्यास तादिचला कोणत्याही आमसभेची शिकवण लागत नव्हती. त्याला अखेर २० वर्षांची कैद झाली.

१७ जुलै १९९८ रोजीं रोम येथें कायम न्यायालयाची संहिता १२० राष्ट्रांच्या मतांनीं संमत झाली, तींत यादवींतील अपराध कलमवार लिहिले गेले. १ जुलै २००२ पासून ती अमलांत आली. भारत त्या मतदानांत तटस्थ राहिला. अण्वस्त्रांचा वापर अपराधांत गणला नाहीं, आणि खटले पाठविण्याचा व थोपविण्याचा अधिकार मात्र सुरक्षा समितीच्या हातीं ठेवला, हे त्याचे आक्षेप होते. आणि त्या समितींतील पांच बड्या सभासदांपैकीं तिघांनीं, अमेरिका, रशिया व चीन यांनीं, ती संहिता आजही स्वीकारलेली नाहीं.