डोळ्यांना दिसणारा जिवाणू

जिवाणू सूक्ष्मदर्शक यंत्राशिवाय दिसत नाही, असे आपण शाळेत शिकलो आणि मुलांनाही तेच शिकवतो. परंतु एक जिवाणू नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि चिमट्याने उचलताही येतो. त्याची लांबी साधारण १ सेंटिमीटर असते; सर्वांत मोठा २ सेंटिमीटर भरला. नेहमीचा जिवाणू एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो. म्हणजे हा त्याच्या ५,००० पट लांब झाला!

तो सापडला कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर. तेथेही आपल्यासारखीच फ्रेंच आणि क्रेओल बोलतात, ऊस पिकवतात, आणि किनाऱ्यावर खारफुटी, म्हणजे आपली मांगलिये, आहे. २००९ साली तेथील प्राध्यापक ओलिव्हिए ग्रो हे चिखलात गंधकावर जगणारे जीव शोधत होते. पाण्यात बुडून कुजणाऱ्या पानांवर त्यांना पांढरे धागे दिसले. हा जिवाणू असेल असे त्यांच्या मनातही आले नाही. पुढे सिल्विना गोन्झालेझ-रिझो यांनी जनुके तपासली, तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक धागा ही एकच पेशी होती! जाँ-मारी व्होलाँ आणि सहकाऱ्यांनी २०२२ च्या जूनमध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात त्याचे सविस्तर वर्णन केले. नाव ठेवले थियोमार्गारिटा मॅग्निफिका. थियोमार्गारिटा म्हणजे गंधकाचा मोती.

हा खातो काय? मांगलियेच्या चिखलात पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. आपल्याला तो विषारी. या जिवाणूला मात्र त्यातूनच शक्ती मिळते. पाण्यातला प्राणवायू घेऊन तो या वायूचे ज्वलन करतो म्हणा ना, आणि त्या शक्तीवर कार्बन डाय-ऑक्साइडपासून आपले अन्न बनवतो. हिरवे पान सूर्यप्रकाशावर जे करते, ते हा गंधकावर करतो. अंगात गंधकाचे कण साठतात, म्हणून तो पांढरा दिसतो.

त्याचा एक भाऊ नामिबियाच्या समुद्रतळाशी हैदे शुल्झ यांना १९९७ साली सापडला होता. तो गोल, पाऊण मिलिमीटरपर्यंतचा. प्राणवायू नसेल तेव्हा उपयोगी पडावे म्हणून तो पोटात नायट्रेट भरून ठेवतो, बेगमीच म्हणायची.

पण एवढी मोठी पेशी जगते कशी? जिवाणूच्या अंगात पदार्थ आपोआप पसरत जातात, आणि अंतर वाढले की ते फार हळू पोहोचतात. म्हणून जिवाणू लहानच राहतात. ग्वादलूपच्या या जिवाणूने युक्ती केली आहे. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग म्हणजे आतली एक मोठी पोकळ पिशवी. जिवंत द्रव्याचा थर तेवढा कडेने, अगदी पातळ.

त्याहून नवल पुढेच आहे. जिवाणूचा डीएनए पेशीत मोकळा असतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. याचा डीएनए लहान लहान पिशव्यांत बंद आहे. शास्त्रज्ञांनी त्यांना नाव दिले ‘पेपँ’, म्हणजे फळातली बी. फ्रेंच जाणणाऱ्या आपल्या मुलांना हे समजवावे लागणार नाही! पूर्ण वाढलेल्या एका पेशीत डीएनएच्या ७ लाखांवर प्रती असतात. धाग्याच्या टोकाला कळीसारखा तुकडा तुटून वेगळा होतो आणि नवा जीव सुरू होतो.

२०२२ च्या त्या लेखापर्यंत हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला नव्हता. अभ्यासायचा तर मांगलियेतच जावे लागे. मॉरिशसमध्येही सरपणासाठी आणि होड्यांना वाट करण्यासाठी मांगलिये तोडली गेली. १९९० च्या दशकापासून ती पुन्हा लावण्याचे काम झाले. त्या झाडांखालच्या काळ्या चिखलाला आपण आजवर फक्त नाक मुरडत आलो.