चौकोनी भोकाचं जुनं यंत्र

दाराच्या चौकटीची चार लाकडं खिळ्यांनी धरलेली नसतात. उभ्या लाकडाच्या टोकाला काढलेलं कुसू आडव्याच्या चौकोनी खाचेत बसतं, वरून लाकडी खुंटी ठोकली की काम झालं. नागपूरजवळच्या उमरेडच्या हवेत हा सांधा हौसेचा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास फिरतो आणि जुलैत हवा अशी ओली होते की कपाटाचे खण उघडत नाहीत. लाकूड रुंदीत आकसतं, फुगतं. नुसत्या स्क्रूने आवळलेला जोड दर मोसमात थोडा थोडा ढिला होतो. कुसू आणि खाच दोन्ही लाकडाचीच असल्यामुळे ती हवा बदलली तरी एकमेकांना सोडत नाहीत.

प्रश्न खाच पाडण्याचा. मुरलेल्या सागवानात तीन इंच खोल खाच पटाशी-हातोडीने पाडणं हे दिवस खाणारं काम आहे. एका पॅनेलच्या दाराला अशा सहा-आठ खाचा सहज लागतात. म्हणून टेबलावर बसणारं मोर्टायझिंग मशीन.

ते ड्रिलसारखं दिसतं आणि तिथेच गिऱ्हाइकाची फसगत होते. आत गोल गिरमिट फिरतं. त्याच्याभोवती चौकोनी पोकळ पटाशी असते, ती फिरत नाही. गिरमिट मधलं लाकूड उकरून काढतं, पटाशी उरलेले चार कोपरे कापते. ते कोपरे कापायचं बळ मोटर देत नाही, दांडा ओढणारा हात देतो. दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं छोटं दातेरी चाक त्या हाताचा जोर वाढवून पटाशीवर आणतात. म्हणजे हे यंत्र नावाला ड्रिल, स्वभावाने दाबयंत्र. जुनं यंत्र विकत घेताना कसं पारखायचं याचं उत्तर एवढ्यातच आहे.

खाच यंत्राने पाडायची युक्ती दोनशे वर्षांहून जुनी. इंग्लंडच्या पोर्ट्समथ गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली यंत्रं जहाजांच्या लाकडी कप्प्यांना खाचा पाडत. 110 कुशल कारागिरांचं काम 10 साध्या मजुरांवर आलं आणि 1808 साली तिथे सुमारे 1,30,000 कप्प्या निघाल्या. कारखानदारीच्या इतिहासात त्या गोदीचं नाव मोठं आहे. कामावरून गेलेल्या शंभरांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. त्या यंत्रांना वाफेचं इंजिन लागे. टेबलावरचं हे धाकटं भावंड अर्ध्या अश्वशक्तीवर, घरातल्या सिंगल फेजवर चालतं.

उमरेडहून नागपूर पन्नासेक किलोमीटरच्या आत. तिथल्या लकडगंजात लाकूड पाहायला गेलेल्या माणसाच्या कानावर कुठलं तरी वर्कशॉप बंद होतंय ही बातमी येतेच. चौकटी आता लोखंडाच्या, ग्रॅनाइटच्या, नाहीतर लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या येतात. दारं तयार फ्लश. त्यामुळे ही यंत्रं विकायला निघतात. पण माझा संशय असा की निम्मी तरी यंत्रं बिघडली म्हणून नाही, पटाशी बोथट झाली म्हणून विकली जातात. बोथट पटाशी लाकूड जाळते, धूर निघतो, दांड्याला लोंबकळावं लागतं, आणि मालक यंत्राला शिव्या देतो.

विकणारा आधी मोटर सुरू करून दाखवतो. "पाहा ना भाऊ, लोण्यावानी चालते." चालू द्यावी. मोटर नुसती घुमत असेल आणि फिरत नसेल, तर पुष्कळदा कपॅसिटर गेलेला असतो आणि ती दुरुस्ती स्वस्त असते. फक्त मोटरवरची पट्टी वाचावी; 110 व्होल्टचं परदेशी यंत्र असेल तर ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीतून वळता करायचा. मग मोटर बंद करून खरी परीक्षा. यंत्राचं डोकं दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवायचं. सरकपट्टीत खेळ असेल आणि बाजूचे स्क्रू आवळून तो जात नसेल, तर परत फिरावं. लाकूड खाली दाबून ठेवणारा पंजा आहे का? पटाशी वर येताना लाकूड घट्ट धरून उचलते. पंजा नसला किंवा वाकत असला तर प्रत्येक खाचेला झटापट. पटाशीच्या दांड्याचं माप बसवणारी बुशिंग जागेवर आहेत का? ती हरवली की वेगळ्या मापाची पटाशी बसत नाही आणि बिडाच्या चांगल्या यंत्राचं नुसतं वजन उरतं. सोबत मिळालेल्या पटाश्यांचे पैसे देऊच नयेत. त्या निळ्या पडल्या असतील तर पोलादाचं पाणी उतरलेलं असतं.

वीस-तीस किलोंचं धूड घरी आणून टेबलाला बोल्टने आवळलं की पहिली जुळणी. पटाशीचा खांदा आणि बुशिंग यांच्यात एक रुपयाचं नाणं ठेवायचं, गिरमिट वर ढकलून चकमध्ये आवळायचं, नाणं काढून पटाशी वर सरकवायची. गिरमिटाचं तोंड पटाशीच्या खाली नाण्याएवढं उरतं. हे अंतर नसलं तर पोलादावर पोलाद घासतं आणि किंचाळी शेजारच्या गल्लीत पोचते. धार लावताना शंकूच्या दगडाने आतून. बाहेरची चार अंगं फक्त बुरा काढण्यापुरती घासायची, नाहीतर पटाशीचं माप घटतं. नव्या पटाशीलाही वापरण्याआधी धार लावावीच लागते.

खाच एका टोकापासून ओळीने पाडत नेली तर गिरमिट आधीच्या रिकाम्या भोकाकडे कलतं. म्हणून आधी दोन्ही टोकं, मग मध्ये पटाशीच्या रुंदीहून थोडं कमी लाकूड सोडत भोकं, शेवटी मधले पूल. चौकटीच्या तीन इंची लाकडात आरपार जायचं तर अर्धं वरून, अर्धं उलटून. एकाच बाजूने गेलं तर पटाशी बाहेर पडताना लाकूड फाटतं. लाकडाची रेघ मारलेली बाजू दोन्ही वेळा यंत्राच्या मागच्या आधारपट्टीलाच टेकवली नाही तर मधोमध पायरी पडते.

लाकूडही इकडे बरेचदा जुनंच असतं. नवीन इमारती सागवान वनविभागाच्या किंवा वनविकास महामंडळाच्या लिलावांतून व्यापाऱ्यांमार्फत येतं आणि परवडत नाही. पाडलेल्या घरांच्या तुळया परवडतात. त्या पुरत्या वाळलेल्या असतात, मोसमापुरत्या थोड्या आकसतात-फुगतात एवढंच. पण सागात मुळातच सिलिका असते, ती धार खाते, आणि जुन्या तुळईत मोडके खिळे लपलेले असतात. स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून आधी लाकडावरून फिरवावं. एक खिळा लागला की नवी पटाशी गेली.

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा मात्र या यंत्राखाली मावत नाही. गोल, जाड, आणि आऱ्यांच्या खाचा वाटोळ्या अंगावर तिरप्या. ते काम अजून हातपटाशीचंच आहे. बाकी चौकट, पॅनेलचं दार, पलंग, खुर्ची एवढ्यांना अर्धी अश्वशक्ती पुरते.