पात्यावरचा फणसाचा चीक

फणसाच्या सालीतून किंवा मधल्या दांड्यातून कोयती फिरली की पांढरा चीक पाझरतो आणि पात्याला धरून बसतो. भाजीच्या कोवळ्या कुयरीलाही तो भरपूर सुटतो. ताजा चीक तार धरतो. वाळला की तपकिरी होऊन घट्ट बसतो. त्यात राळेसारखी द्रव्ये पुष्कळ असतात. ती पाण्याला दाद देत नाहीत, तेलात मात्र सैल पडतात. म्हणून कोकणात आणि गोव्यात फणस फोडण्याआधीच हाताला व पात्याला खोबरेल चोळतात.

तरीही चीक बसलाच, तर तो ओला असतानाच रद्दीच्या कागदाने पुसून घ्यावा. पुसताना हात पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावा. गार पाण्याखाली धरल्यास चीक आणखी ताठरतो. वाळलेल्या थरावर खोबरेल किंवा गोडेतेल चोळून ते थोडा वेळ मुरू द्यावे, मग नारळाच्या सोडणाने घासावे. जुना थर तेवढ्याने हटला नाही, तर रॉकेलचा बोळा फिरवतात. हे काम चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे. चीक जाळण्यासाठी पाते विस्तवावर धरू नये. जास्त तापले की पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

चीक गेल्यावर तेल उरते. ते गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने निघते. चुलीची चाळलेली राखही चालते: तिच्यातला क्षार तेलकटपणा तोडतो आणि बारीक कण घासण्याचे काम करतात. रॉकेल लावले असेल, तर वास पूर्ण जाईपर्यंत साबणाने धुवावे.

साध्या पोलादी पात्यावर यानंतरही काळे डाग दिसतात. तो चीक नसतो. फळातली तुरट द्रव्ये आणि लोखंड यांच्या संयोगाने ते पडतात. त्यांवर तेल किंवा साबण चालत नाही, आंबट चालते. लिंबाची फोड मिठात बुडवून किंवा चिंचेचा कोळ घेऊन घासावे आणि लगेच धुवावे, कारण आम्ल व मीठ पात्यावर राहिल्यास गंज चढतो. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर पाते जपतो, त्यामुळे असे डाग सहसा पडत नाहीत. तिथे लोखंडी काथ्या आणि क्लोरिनयुक्त ब्लीच टाळावे.

शेवटी पाते कोरडे पुसून त्यावर तेलाचा पुसट हात फिरवावा. विळीचे पाते पाटात बसते तो सांधा विशेष कोरडा करावा. पाणी तिथेच साचते आणि गंजाची सुरुवातही तिथूनच होते.