टेलिफोटो झूम लेन्स: कंपनीची घ्यायची की थर्ड पार्टी? आधी हिशोब मांडा



फोटोग्राफीच्या धंद्यात उतरणारी मुलं-मुली लग्नसराईच्या तोंडावर हमखास एक प्रश्न विचारतात. "सर, ७०-२०० घ्यायची आहे. कॅमेऱ्याच्याच कंपनीची घेऊ, का सिग्मा-टॅमरॉनची?" व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून तोच हिशोब इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यात लग्न आणि कार्यक्रमांच्या ऑर्डर करणाऱ्याची पहिली टेलिफोटो लेन्स बहुतेक वेळा थर्ड पार्टी असावी. याला काही अपवाद आहेत, तेही पुढे येतील.

थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट नव्हे

सिग्मा आणि टॅमरॉन या जपानमधल्या जुन्या, नावाजलेल्या लेन्स कंपन्या आहेत. त्या दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना बसतील अशा लेन्स बनवतात. एक उदाहरण बघा. टॅमरॉनने २०२० मध्ये सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी ७०-१८० एफ २.८ लेन्स आणली. २०२३ मध्ये निकॉनने स्वतःच्या नावाने ७०-१८० एफ २.८ आणली. दोन्हींत १४ गटांमध्ये १९ काचा आहेत आणि वजनात जेमतेम १५ ग्रॅमचा फरक आहे. म्हणजे नुसतं नाव बघून दर्जा ठरवता येत नाही.

पायरी १: तुमची बॉडी कोणती?

पुढचे पर्याय किती उरतात ते इथेच ठरतं.

सोनी: सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची मूळ माहिती इतर कंपन्यांसाठी खुली केली. त्यामुळे इथे पर्याय भरपूर आहेत. टॅमरॉनची ७०-१८० ची दुसरी आवृत्ती आणि सिग्माची ७०-२०० स्पोर्ट्स, दोन्ही २०२३ च्या. दोन्हींत हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझेशन आहे. टॅमरॉनच्या २०२० च्या पहिल्या आवृत्तीत ते नाही. सेकंडहँड घेताना आवृत्ती नीट बघा.

कॅनन आरएफ: इथे सांभाळून. थर्ड पार्टी ऑटोफोकस लेन्ससाठी हा माउंट बरीच वर्षं जवळपास बंदच होता. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने परवान्याने लेन्स जाहीर केल्या, पण सुरुवात लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच्या लेन्सनी झाली. फुल फ्रेम बॉडी असेल तर कॅननची लेन्स, नाहीतर जुन्या डीएसएलआरची ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून, हे दोन रस्ते आधी तपासा.

जुना डीएसएलआर: इथे सिग्मा-टॅमरॉनच्या ७०-२०० सेकंडहँड बाजारात मिळतात. बजेट अगदीच कमी असेल तर सुरुवात इथून करा.

पायरी २: पैसे कोणत्या कामातून येणार?

लग्न आणि कार्यक्रम: स्टेजसमोर व्हिडिओवाला, त्याच्यामागे पाहुणे. तुम्हाला पुढे जागा मिळत नाही. लांबूनच नवरा-नवरीचे चेहरे टिपायचे आणि कार्यालयातला उजेड बेताचा. इथे एफ २.८ लागतंच. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ ला चौपट प्रकाश आत येतो. म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागला असता तिथे १६०० वर काम भागतं. आंतरपाट एकदाच बाजूला होतो, त्याचा रीटेक नसतो.

प्री-वेडिंग: नळदुर्ग किंवा परंड्याच्या किल्ल्यावर परवानगी काढून सकाळ-संध्याकाळच्या उजेडात शूट करणार असाल, तर ७०-३०० सारखी स्वस्त लेन्सही चालते. फक्त तीच लेन्स रात्रीच्या हळदीला वापरू नका.

खेळ: आपला जिल्हा खो-खोचा. भारतीय संघाची कर्णधार राहिलेल्या, २०२० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी सारिका काळे इथल्याच. सामन्यांचे फोटो हे तुमचं मुख्य काम असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सोनीच्या वेगवान बॉडींवर थर्ड पार्टी लेन्सला सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा पडते आणि सोनीचे टेलिकन्व्हर्टर त्या लेन्सना लागत नाहीत. मात्र तुमची बॉडी मुळातच सेकंदाला १० फोटो काढणारी असेल, तर या मर्यादेचा तुम्हाला काही फरक पडत नाही.

पक्षी: येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात पक्ष्यांचे फोटो काढायला १५०-६०० घ्यावीशी वाटते. खुशाल घ्या, पण हौसेच्या खात्यातून. धंद्याच्या कर्जातून नको.

पायरी ३: एका ऑर्डरला लेन्स कितीला पडते?

खालचे भाव फक्त समजण्यासाठी धरलेत. दुकानात विचारून तुमचे आकडे टाका.

समजा कंपनीची लेन्स २,००,००० ची आणि थर्ड पार्टी १,००,००० ची. दोन्ही कर्जावर, १२ टक्के व्याज, ३ वर्षं. वर्षाला ३० ऑर्डर धरल्या तर ३ वर्षांत ९० होतात. शेवटी लेन्स विकली तर कंपनीच्या लेन्सचे १,२०,००० येतील आणि थर्ड पार्टीचे ५०,००० असं धरू.

- कंपनीची: किमतीतली घट ८०,००० + व्याज सुमारे ३९,२०० = १,१९,२००. एका ऑर्डरला १,३२४ रुपये.
- थर्ड पार्टी: घट ५०,००० + व्याज सुमारे १९,६०० = ६९,६००. एका ऑर्डरला ७७३ रुपये.

कंपनीच्या लेन्सला रिसेल चांगली मिळते हे खरं, आणि तीही आपण वर धरली आहे. तरीसुद्धा प्रत्येक ऑर्डरला साधारण साडेपाचशे रुपये जास्त जातात.

आता हप्ता बघा. पहिल्या लेन्सचा महिन्याला सुमारे ६,६४० आणि दुसरीचा ३,३२०. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं जवळपास बंद. हप्ता मात्र चालूच. त्या चार महिन्यांचे एकीकडे २६,६०० आणि दुसरीकडे १३,३०० रुपये आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात. त्यात आपलं गिऱ्हाईक शेतकरी. सोयाबीनला भाव नाही मिळाला तर अल्बमचे उरलेले पैसेही लांबतात. बहुतेकांचा धंदा याच चार महिन्यांत अडचणीत येतो.

वर्षाला १० च ऑर्डर असतील तर थर्ड पार्टी लेन्सही एका ऑर्डरला २,३२० रुपयांना पडते. मग सोलापूर, लातूर किंवा पुण्यात भाड्याचा दर विचारा. भाडं आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून यापेक्षा कमी होत असेल, तर लेन्स विकत घेऊच नका.

वाचलेल्या पैशाचं काय करायचं?

ते मोबाईल बदलण्यात घालवू नका. दुसरी बॉडी घ्या, जुनी का असेना. लग्नात कॅमेरा बंद पडला तर महागडी लेन्स काही कामाची नाही, दुसरी बॉडीच तुमची अब्रू वाचवते.

दुकानात काय तपासायचं?

१. स्वतःची बॉडी आणि कार्ड घेऊन जा. झूम पूर्ण लांब करून एफ २.८ वर, तुमच्याकडे चालत येणाऱ्या माणसाचे २० फोटो काढा. घरी मोठ्या स्क्रीनवर डोळ्यांवरचा फोकस मोजा.

२. झूमची रिंग कोणत्या दिशेला फिरते ते बघा. काही थर्ड पार्टी लेन्समध्ये ती उलटी फिरते, मग ऐन वेळी हात चुकतो.

३. नवी बॉडी आल्यावर कधीकधी लेन्सला फर्मवेअर अपडेट लागतं. ते तुमच्याच हाताने होतं का, विचारून घ्या.

४. सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि दुरुस्तीला किती दिवस लागतात? सीझनमध्ये तीन आठवडे लेन्स अडकली तर भाड्याचा खर्च तुमच्याच डोक्यावर.

५. जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी घ्याच. बिनबिलाचा माल स्वस्त दिसतो, पण वॉरंटीही नाही आणि नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटही नाही.

६. सेकंडहँड असेल तर टॉर्च मारून आत बुरशी आहे का बघा.

मग कंपनीची कधी घ्यायची?

बॉडीला दुसरा चांगला पर्याय नसेल, वेगवान खेळ हेच मुख्य काम असेल, किंवा मोठा स्टुडिओ ठरावीक लेन्सच्या अटीवर नियमित काम देत असेल, तर नक्की घ्या. तिथे जास्तीचे साडेपाचशे रुपये ऑर्डरमधूनच वसूल होतात.

आता तुमचं काम. मागच्या वर्षीच्या ऑर्डर मोजा. त्यातल्या किती ऑर्डरमध्ये लांबची लेन्स खरंच लागली असती ते लिहा. तो आकडा वहीत आल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!