तळघराची फरशी आणि खालची ओल

हेब्बाळचा तलाव केंपेगौडांच्या काळातला, 1537 सालचा मानला जातो. बेंगळुरूचं पावसाचं पाणी ज्या तीन मोठ्या खोऱ्यांतून उतरतं, त्यांतलं एक हेब्बाळचं. तळघर इथे खणायचं म्हणजे पाण्याच्या वाटेवरच खणायचं. नोकरीसाठी येऊन इथेच घर बांधलेली मराठी कुटुंबं त्या तळघरात पुस्तकांची नाहीतर तबल्याच्या रियाजाची खोली करू पाहतात. कोबा पायाला गार लागतो, म्हणून वर लॅमिनेट आणि त्याखाली ‘इन्सुलेटेड’ फोम असा बेत ठरतो. मग अमेरिकेतला भाऊ फोनवर बजावतो, आर-व्हॅल्यू, म्हणजे थर उष्णता किती अडवतो तो आकडा, बघून घे.

माझ्या मते इथे तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा.

जमिनीत काही मीटर खाली तापमान साधारण त्या गावाच्या वार्षिक सरासरीएवढं असतं. शिकागोकडे ते 10-11 अंशांच्या आसपास, बेंगळुरूत 24च्या. तिकडे उन्हाळ्यातली दमट हवा थंड स्लॅबला लागली की दव धरतं, म्हणून उष्णतारोधक थर हवाच. आपल्याकडे ऑगस्टमध्ये दवबिंदू 19-20 अंशांवर असतो आणि फरशी त्याहून उबदार, त्यामुळे वरून दव धरण्याचा प्रश्न क्वचितच येतो. इथली ओल येते खालून. काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसलं तरी आत केसासारखी छिद्रं असतात, त्यांतून पाणी वर चढतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागलेला असेल, रंगाचे पोपडे सुटले असतील, तर फोमच्या दुकानात जाण्याची वेळ अजून आलेली नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक फरशीवर अंथरून चारही कडा टेपने बंद करायच्या आणि रात्रभर, निदान 16 तास तसंच ठेवायचं. उचलल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालं असेल, तर वाफ येते आहे. ही तपासणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी. बेंगळुरूत तेव्हा पाऊस भरात असतो. एप्रिलमध्ये फरशी कोरडी निघाली म्हणून निर्धास्त होऊ नये. नवा स्लॅब असेल तर दर इंच जाडीला महिनाभर वाळू द्यावा, असा ठोकताळा आहे.

नुसती वाफ असेल तर आधी किमान 200 मायक्रॉनचं पॉलिथिन अंथरावं. जोड वीतभर एकमेकांवर चढवून टेप लावावा आणि कडा भिंतीवर वळवून घ्याव्यात. त्यावर एक्सपीएस, म्हणजे बंद पेशींचा कडक बोर्ड: पाणी फारसं पीत नाही, कपाटाच्या वजनाने बसत नाही. लॅमिनेटसोबत मिळणारा दोन मिलिमीटरचा मऊ पांढरा फोम पुस्तकांच्या मांडणीखाली चपटा होतो, आणि मग फरशीचे सांधे उघडतात. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. एकदा फुगला की तो परत बसत नाही, म्हणून तळघरात मी एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेली फरशी निवडेन.

पाणी खरोखर झिरपत असेल तर मात्र कुठलाच फोम उपयोगाचा नाही. एक मीटर उंच पाणी दर चौरस मीटरला एक टन दाबाने स्लॅब वर ढकलतं. त्याला बाहेरून निचरा, पाणी गोळा करणारा खड्डा (संप), पंप आणि मुळात बांधतानाच केलेलं बॉक्स वॉटरप्रूफिंग लागतं. शहाबादी फरशीची ती पेटी आपल्या जुन्या कंत्राटदारांना चांगली ठाऊक आहे.

आणि मंजूर नकाशात तळघर कशासाठी दाखवलंय, तेही बघा. बहुतेकदा तिथे पार्किंग नाहीतर सामानाची जागा असते. 27 जुलै 2024 ला दिल्लीच्या राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. तिथेही तळघराची परवानगी सामान ठेवण्यापुरती होती. तेव्हा आपल्या तळघरात मुलांना झोपवू नका, विजेचे प्लग उंचावर घ्या. आणि ओलीची शंका वाटली तर साधी टाइल बसवून वर उचलता येईल अशी सतरंजी टाका. ती उन्हात वाळवता येते, फोमखालचं पाणी वाळत नाही.