निरुपयोगी टोपी आणि रोजची इंग्रजी

व्याकरणाचे नियम मुखोद्गत असूनही चारचौघांत इंग्रजी बोलण्याचा धीर होत नाही, हा आपल्या देशातील नित्याचा अनुभव आहे. परीक्षेत उताऱ्यावरील प्रश्नांची बिनचूक उत्तरे लिहिणारा विद्यार्थी मुलाखतीत एखादे साधे वाक्य उच्चारताना अडखळतो. याची मुख्य कारणे दोन आहेत. पाठ्यपुस्तकातील इंग्रजी बहुधा लेखनाची असते. रोजची इंग्रजी मात्र छोट्या क्रियापदांवर आणि त्यांच्या जोडीला येणाऱ्या 'ऑन', 'ऑफ', 'अप', 'आउट' अशा शब्दांवर चालते. दुसरे कारण म्हणजे चूक झाली तर आपले हसे होईल ही भीती. या दोन्ही अडचणींवर अंगावर घालावयाच्या विनोदी उपकरणांच्या कल्पना हे एक सोपे साधन ठरू शकते.

अशा कल्पनांचा मोठा साठा जपानमध्ये आहे. केंजी कावाकामी यांनी १९८० नंतरच्या दशकात एका मासिकातून विचित्र वस्तू वाचकांपुढे मांडल्या व त्यांना 'चिंदोगू' हे नाव दिले. 'चिन' म्हणजे विलक्षण आणि 'दोगू' म्हणजे अवजार. चिंदोगूचे काही नियम आहेत. वस्तू प्रत्यक्षात तयार केलेली असावी, ती दैनंदिन जीवनासाठी असावी, तिचे पेटंट घेऊ नये आणि ती विकू नये. १९९५ मध्ये या वस्तूंचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या नावात 'अनयूसलेस' हा नवा शब्द योजण्यात आला. 'यूसलेस' म्हणजे निरुपयोगी. त्याला 'अन' हा उपसर्ग लावला की निरुपयोगी नव्हे, पण उपयोगीही नव्हे, असा मजेदार अर्थ निघतो. उपसर्ग अर्थ कसा पालटतो, हे या एका शब्दावरून ध्यानात येते.

या संग्रहातील एक प्रसिद्ध वस्तू म्हणजे डोक्यावर बसविलेली कागदाची गुंडाळी. वसंत ऋतूत देवदारासारख्या वृक्षांच्या परागकणांमुळे जपानमध्ये पुष्कळांना सारख्या शिंका येतात. त्यांनी ही टोपी घालावी आणि लागेल तेव्हा कागद ओढून नाक पुसावे, अशी योजना आहे. तिचे वर्णन करू लागताच मराठी भाषकापुढे एक प्रश्न उभा राहतो. मराठीत टोपी घालतात, चष्मा लावतात, घड्याळ बांधतात, साडी नेसतात आणि शाल पांघरतात. इंग्रजीत या सर्वांसाठी 'वेअर' हे एकच क्रियापद चालते. तथापि, त्यात एक भेद पाळावा लागतो. अंगावर चढविण्याची क्रिया ती 'पुट ऑन' आणि चढविल्यानंतरची स्थिती ती 'वेअर'. 'तिने टोपी घातली आहे' याचे स्वाभाविक इंग्रजी रूप 'शी इज वेअरिंग अ हॅट' असे होते; ती टोपी डोक्यावर चढवीत असेल, तरच 'शी इज पुटिंग ऑन अ हॅट' म्हणावयाचे. टोपीऐवजी सर्वनाम आले की ते मध्ये बसते: 'पुट इट ऑन', 'टेक इट ऑफ'.

दुसरी वस्तू आगगाडीत डुलकी घेणाऱ्यांसाठी आहे. या शिरस्त्राणाची मागची बाजू रबरी चकतीने गाडीच्या काचेला चिकटते, त्यामुळे मान कलंडत नाही. आणि पुढे लावलेल्या पाटीवर अमुक स्थानक आले की उठवावे, अशी सहप्रवाशांना विनंती असते. येथे 'वेक मी अप' हा प्रयोग सहज शिकता येतो. कोणी विचारील, हे कशासाठी? मराठीत 'साठी' हा शब्द 'कशा' याला चिकटून येतो. बोलण्याच्या इंग्रजीत मात्र 'फॉर' सुटा होऊन वाक्याच्या शेवटी जातो: 'व्हॉट इज इट फॉर?'

वर्गात किंवा घरी हा अभ्यास करणे अवघड नाही. प्रत्येकाने आपल्या अडचणीवर एक उपकरण कल्पावे. उदाहरणार्थ, पावसात चष्म्याच्या काचा पुसणारे चिमुकले वायपर. त्याचे चित्र काढून चार गोष्टी इंग्रजीत सांगाव्यात: ते कशासाठी आहे, कसे घालावयाचे, कसे चालते आणि त्यात खोट कोणती. चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण खोट सांगताना 'बट', 'इफ', 'अनलेस' यांसारखे शब्द अपरिहार्यपणे वापरावे लागतात. श्रोत्यांनी शंका विचाराव्यात आणि कल्पकाने आपल्या यंत्राचा बचाव करावा. चुकांची दुरुस्ती बोलणे संपल्यावरच करावी.

या पद्धतीने व्याकरणाचा अभ्यास टळत नाही, किंवा वाचनाची गरजही कमी होत नाही. परंतु तिच्यात श्रोते हसतात ते यंत्राला, बोलणाऱ्याला नव्हे. ज्याला आजवर चुकण्याच्या धास्तीने गप्प बसावे लागले, त्याला पहिले दहा शब्द बोलण्यापुरते हे अभय पुरेसे असते.