बेल्जियमच्या तांबूस बिअरची पारख

अंबर एल ही बेल्जियमच्या अँटवर्प आणि ब्राबांट भागांतली रोजच्या पिण्यातली बिअर. रंग तांबूस, मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास, कडवटपणा बेताचा. मठांतल्या कडक आणि गडद बिअरचे नाव जगभर झाले. ही तांबूस बिअर मात्र बहुतांशी घराजवळच राहिली. तिचा कोणताही एक गुण चटकन डोळ्यांत भरत नाही. भाजलेल्या धान्याची गोडी, यीस्टमुळे येणारा फळांचा वास आणि हॉप या वेलीच्या फुलांचा कडवटपणा हे तिन्ही तिच्यात असतात, पण ते शोधावे लागतात. चवीची पारख शिकू पाहणाऱ्या चार मित्रांनी सुरुवात हिच्यापासून करावी, ती याच कारणाने.

स्पर्धेतून आलेला प्रकार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमच्या बाजारात दोन बाजूंनी परदेशी बिअर शिरत होती. जर्मनी आणि बोहेमियातून नितळ सोनेरी पिल्सनर येत होती, तर इंग्लंडमधून पेल एल. देशी बिअर त्यांच्या तोडीची व्हावी या हेतूने 1904 मध्ये ब्रुअरींची एक स्पर्धा झाली आणि तिच्यातून ‘स्पेसियाल बेल्ज’ हा प्रकार पुढे आला. इंग्लिश पेल एलची धाटणी, पण यीस्ट बेल्जियमचे, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येते.

या घराण्यातली सर्वांत परिचित बिअर अँटवर्पची ‘डे कोनिंक’. शहराच्या वेशीवरच्या एका जुन्या सराईच्या जागी 1833 मध्ये ही ब्रुअरी उभी राहिली. समोर उघड्या पंजाची खूण असलेला हद्दीचा खांब होता, म्हणून तिचे पहिले नाव ‘डे हांड’, म्हणजे पंजा. ती खूण बिअरच्या चिन्हात आजही आहे. या बिअरचा ग्लास गोलसर पोटाचा आणि देठाचा. त्याला ‘बोलेके’ म्हणतात, आणि अँटवर्पच्या कॅफेत बोलेके मागितले की समोर डे कोनिंकच येते. स्टेनहुफेल गावची ‘पाम’ ही याच प्रकारातली दुसरी मोठी बिअर. तिच्या चिन्हात ब्राबांटचा तगडा घोडा आहे. 1991 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात फोर्ट कॉलिन्स इथे ‘न्यू बेल्जियम’ ही ब्रुअरी सुरू झाली. संस्थापकाने बेल्जियममध्ये केलेल्या सायकल सफरीची आठवण म्हणून तिच्या अंबर एलचे नाव ‘फॅट टायर’ ठेवले गेले. 2016 मध्ये बेल्जियमच्या बिअर संस्कृतीचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

रंग आणि वास कुठून येतो

बिअरचा रंग धान्यातून येतो. सातू, म्हणजे बार्ली, भिजवून तिला मोड आणतात आणि मग ती वाळवून भाजतात, हेच मॉल्ट. भाजताना साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात माइलार्ड अभिक्रिया होते आणि धान्याला तपकिरी रंग व खरपूस वास येतो. पोळी तव्यावर खरपूस होते तीही याच अभिक्रियेमुळे. अंबर एलमध्ये बहुतांश मॉल्ट फिकट असते. त्यात व्हिएन्ना किंवा म्युनिक पद्धतीचे थोडे जास्त भाजलेले मॉल्ट किंवा कॅरॅमल मॉल्ट मिसळतात. कॅरॅमल मॉल्ट ओलसर असतानाच गरम केले जाते, त्यामुळे दाण्यातल्या पिठाची आतल्या आत साखर होते आणि तीच पुढे करपत जाऊन टॉफीसारखी चव देते. हे मॉल्ट जास्त झाले तर बिअर गुळचट होते. कमी पडले तर रंगही उतरतो आणि चवही.

वासाचा मोठा वाटा यीस्टचा असतो. एल बिअरचे यीस्ट साधारण 18 ते 24 अंश सेल्सियस तापमानात काम करते. लागर बिअरचे यीस्ट याहून बऱ्याच थंड तापमानात आंबवते, म्हणून लागरचा वास साधा राहतो. एलमध्ये मद्यार्काबरोबर एस्टर नावाची संयुगे जास्त प्रमाणात तयार होतात. आयसोअमाइल ॲसिटेट हे एस्टर पिकल्या केळ्याचा वास देते, तर इथाइल हेक्झानोएट सफरचंदाचा. काही जातींचे यीस्ट लवंगेसारखा वास देणारे फिनॉलही तयार करते. अंबर एलमध्ये हे सारे दबक्या आवाजातच असावे लागते. केळे किंवा लवंग पहिल्याच श्वासात नाकात भरली तर बिअर दुसऱ्या प्रकाराकडे झुकली असे समजावे.

महाराष्ट्रात हा फरक मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पुण्यात 2009 मध्ये ‘दूलाली’ सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमध्ये ‘बेल्जियन विट’ चांगलीच रुळली. पुष्कळांच्या लेखी बेल्जियन बिअर म्हणजे गव्हाची, धुरकट पांढरी, धणे आणि संत्र्याची साल घातलेली बिअर. अंबर एलमध्ये यांपैकी काहीच नसते. तिच्यातली फळांची आणि मसाल्याची छटा यीस्टची असते, वरून घातलेल्या जिनसांची नव्हे.

बैठकीची तयारी

चार जण आणि चार बिअर हा सोयीचा बेत. 330 मिलीची एक बाटली चौघांत वाटली की प्रत्येकाला सुमारे 80 मिली मिळते. पाहणे, हुंगणे आणि तीन-चार घोट घेणे यासाठी तेवढी पुरते. ग्लास काचेचे, वर किंचित निमुळते आणि पूर्ण स्वच्छ हवेत. साबणाचा अंश किंवा तेलाचा हात लागला तरी फेस बसतो आणि एक महत्त्वाची खूण हातची जाते. बिअर फ्रिजमधून काढून जरा थांबावे. 7 ते 10 अंश तापमान योग्य. बर्फासारख्या गार बिअरचे सुगंध हवेत उडत नाहीत आणि जिभेलाही थंडीखेरीज फारसे काही कळत नाही.

चखणा नंतर. शेव, चकली किंवा मसाला शेंगदाण्याचे तिखट जिभेवर रेंगाळते आणि तेल ओठांवरून ग्लासात उतरते. पारख चालू असेपर्यंत साधे पाणी आणि कोरा पाव पुरे. अत्तर, उदबत्ती आणि सिगारेट यांनाही तेवढ्यापुरती रजा द्यावी.

क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा. सुरुवात पाम किंवा डे कोनिंकने करावी. त्यानंतर 8.4 टक्के मद्यार्काची ‘क्वाक’ घेता येते. तिचा गोल बुडाचा ग्लास उभा राहत नाही, म्हणून तो लाकडी चौकटीत अडकवून देतात. शेवटी ‘ऑर्व्हाल’ ठेवावी. ट्रॅपिस्ट मठाच्या आवारात 1931 पासून चालणाऱ्या ब्रुअरीची ही तांबूस बिअर क्वाकपेक्षा सौम्य, 6.2 टक्क्यांची असते, पण तिच्यात हॉप नंतरही घातले जातात आणि ब्रेटानोमायसिस नावाचे रानटी यीस्ट मिसळलेले असते. ताजी असताना तिला हॉपचा टवटवीत वास येतो. काही महिने गेले की कातड्यासारखा, तबेल्यासारखा वास वर येतो. तिचा कोरडा कडवटपणा इतका टिकतो, की तिच्यानंतर घेतलेली कोणतीही सौम्य बिअर पाणचट वाटेल.

पाहणे, हुंगणे, गिळणे

ओतताना ग्लास आधी तिरका धरावा आणि अर्धा भरल्यावर सरळ करावा, म्हणजे दोन बोटे फेस येतो. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असेल तर शेवटचा घोट बाटलीतच ठेवावा. ग्लास उजेडासमोर धरून रंग, नितळपणा आणि फेस पाहावा. फेस किती वेळ टिकतो आणि घोटागणिक काचेवर त्याची जाळी राहते का, हेही नोंदवावे. मॉल्टमधली प्रथिने आणि हॉपमधली कडू आम्ले एकत्र येऊन हा फेस धरून ठेवतात.

मग ग्लास हलकेच फिरवून दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत. नाक एखाद्या वासाला लवकर सरावते, म्हणून लांब श्वासापेक्षा आखूड श्वास आणि मधे थोडी उसंत बरी. पहिला घोट घेतल्यावर बिअर तोंडभर फिरवावी. सुरुवातीला मॉल्टची गोडी, मध्यावर फळांची छटा आणि शेवटी हॉपचा कडवटपणा असा क्रम बहुधा जाणवतो. अंबर एल शेवटी कोरडी व्हायला हवी. गोडी तोंडात चिकटून राहणे हा दोष.

वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे मात्र गिळतात. जिभेच्या मागच्याच भागाला कडू कळते, असे त्याचे कारण अनेक वर्षे सांगितले गेले. जिभेचा तो नकाशा चुकीचा आहे. कडू चव जिभेला सगळीकडे कळते. गिळण्याचा खरा फायदा वेगळा. गिळताना घशातून नाकाकडे हवा जाते आणि तिच्याबरोबर सुगंध वर चढतो. शिवाय कडवटपणा किती वेळ रेंगाळतो, हे गिळल्यानंतरच नीट कळते.

आधी लिहावे, मग बोलावे

मित्रांच्या बैठकीत पारख बिघडते ती बोलण्याने. एकाने मोठ्याने ‘केळे’ म्हटले, की बाकी तिघांनाही केळे सापडू लागते. म्हणून प्रत्येक बिअरनंतर पाच मिनिटे कुणी काही बोलू नये. ज्याने त्याने आपापल्या कागदावर लिहावे आणि मग कागद एकमेकांसमोर ठेवावेत. शब्द ओळखीच्या वासांचेच असावेत. ज्याने टॉफी क्वचितच खाल्ली, त्याने चिक्की, खजूर किंवा करपत आलेला पाक असे लिहिले तर नोंद जास्त खरी ठरते. बिअरच्या व्यवसायात वापरले जाणारे ‘फ्लेवर व्हील’, म्हणजे चवींचे वर्गवार चक्र, 1970च्या दशकात मॉर्टन मेलगार्ड या डॅनिश तज्ज्ञाने याच कामासाठी तयार केले: दोन माणसांनी एकाच वासाला एकच नाव द्यावे म्हणून.

गुण द्यायचे असतील तर अमेरिकेतल्या बीजेसीपी या परीक्षक संस्थेचा 50 गुणांचा तक्ता उपयोगी पडतो. त्यात वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण प्रभावाला 10 गुण असतात. दिसण्याला फक्त 3 गुण आहेत ही ध्यानात ठेवण्याची गोष्ट. सुंदर रंगाला भुलून वासा-चवीचे गुण वाढवायचे नाहीत.

स्वतःची परीक्षा घेण्याचीही एक रीत आहे. तीन ग्लासांपैकी दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतावी आणि वेगळा ग्लास कोणता ते डोळे मिटून ओळखावे. ही त्रिकोणी चाचणी 1940च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत आकाराला आली. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ती अनेकदा करावी. पाम आणि डे कोनिंक या जोडीवर ती केली, की आत्मविश्वास लवकर जमिनीवर येतो.

दोष ओळखणे

आयात केलेली बिअर लांबच्या प्रवासात आणि गोदामातल्या उकाड्यात खराब होऊ शकते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी झाली, तिला ऑक्सिजन लागला. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बिअर उन्हात राहिली की हॉपमधल्या घटकांपासून गंधकाचे संयुग तयार होते आणि उग्र, कुबट वास येतो. तपकिरी बाटली यापासून बराच बचाव करते. लोण्याचा वास डायअसेटिलचा, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा ॲसिटाल्डिहाइडचा. दोन्ही वास आंबण्याची क्रिया अर्धवट राहिल्याचे सांगतात. अशा बाटलीवरून त्या बिअरबद्दल मत बनवू नये. दुसरी बाटली उघडावी.

नोंद कशी असावी

‘मस्त, स्मूद, पुन्हा घेणार’ या नोंदीतून पिणाऱ्याचा मूड कळतो, बिअर कळत नाही. उपयोगी नोंद अशी असते: ‘रंग तांब्याचा, नितळ. फेस दोन बोटे, काचेवर जाळी राहते. वास खरपूस पावाचा, मागे पिकल्या पेरूची छटा. चव आधी चिक्कीची, मग झपाट्याने कोरडी. कडवटपणा बेताचा, अर्ध्या मिनिटात विरतो. गुण 36.’ आवड-निवड शेवटच्या ओळीत लिहायला हरकत नाही, पण ती वेगळी लिहावी. एखाद्याला बिअर आवडली नाही आणि तरी तिने प्रकाराच्या कसोटीवर चांगले गुण मिळवले, तर त्याची पारख जमू लागली असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असणे कायद्याने आवश्यक आहे. शिवाय 80 मिलीच्या चार ग्लासांची बेरीज जवळजवळ एका बाटलीएवढी होते. म्हणून बैठक ठरवतानाच एकाने न पिण्याचे कबूल करावे आणि परतताना गाडीची किल्ली त्याच्याकडे द्यावी.